मुंबई प्रांताचे विधिमंडळ : मतदारसंघ, राखीव जागा आणि आपण

अभ्यासवर्गात तरुण उपासक आम्हांस एक प्रश्न नेहमी विचारतात. ज्या मुंबई प्रांतात बाबासाहेबांनी आपले सारे सार्वजनिक जीवन वेचले, त्या प्रांताने १९४६ साली त्यांना घटना समितीवर का पाठविले नाही? त्यांना दूर बंगालमधून का निवडून जावे लागले? या प्रश्नाला सामान्यतः भावनेच्या भाषेत उत्तर दिले जाते. कोणी काँग्रेसला दोष देतो, कोणी आपल्याच बांधवांच्या फुटीरपणाला. दोन्ही उत्तरांत तथ्यांश आहे. परंतु खरे उत्तर शोधावयाचे तर प्रांतिक विधिमंडळ निवडले कसे जात असे, त्यात कोणास मत होते, ते मत कसे टाकले जाई आणि कसे मोजले जाई, या रूक्ष वाटणाऱ्या तपशिलांत शिरावे लागते. आमच्या मते हा तपशील रूक्ष नाही. आपल्या चळवळीच्या यशापयशाचा फार मोठा भाग त्यात दडलेला आहे.

मुंबईच्या कायदेकौन्सिलाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी टाउन हॉलमध्ये भरली. १८६१ च्या कायद्याने गव्हर्नरास आपल्या कार्यकारी मंडळात कायदे करण्यापुरते जादा सभासद नेमण्याचा अधिकार मिळाला होता आणि त्या पहिल्या नेमणुकांत जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव होते. प्रश्न विचारण्याचाही हक्क त्या सभासदांना नव्हता. १८९२ च्या कायद्याने अप्रत्यक्ष निवडणुकीचा आडमार्ग खुला केला, १९०९ च्या कायद्याने मुसलमानांस स्वतंत्र मतदारसंघ दिले. या साऱ्या काळात अस्पृश्य समाज कायदेकौन्सिलाच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता. त्यामुळे तेथे आम्ही अधिक रेंगाळत नाही.

खरा आरंभ १९१९ च्या सुधारणा कायद्यापासून होतो. त्याआधी मताधिकाराचा विचार करण्यासाठी आलेल्या साउथबरो समितीपुढे २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी साक्ष दिली. त्या वेळी ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते आणि त्यांचे वय होते सत्तावीस. मताधिकार खाली उतरवा आणि अस्पृश्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात स्वतःचे प्रतिनिधी स्वतः निवडू द्या, ही त्यांची मागणी होती. पदरात काय पडले? नव्या मुंबई कौन्सिलात ८६ सभासद लोकनियुक्त झाले आणि अस्पृश्यांसाठी सरकारने नेमावयाची एक जागा ठेवण्यात आली. तीवर 'मूकनायका'चे संपादन सांभाळलेले ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांची नेमणूक झाली. आपल्या समाजाचा मनुष्य कायदेकौन्सिलात बसला, ही घटना त्या काळी लहान नव्हती. पण तो बसला तो सरकारच्या मर्जीने, समाजाच्या मताने नव्हे.

याच कायद्यातील एक गोष्ट आपल्याकडे पुरेशी लक्षात घेतली जात नाही. मुंबई कौन्सिलात मराठा आणि तत्सम जातींसाठी संयुक्त मतदारसंघातच सात जागा राखून ठेवल्या होत्या. म्हणजे 'राखीव जागा' ही कल्पना या प्रांताला पुणे कराराने शिकविली असे नाही. ती बारा वर्षे आधीपासून येथे नांदत होती आणि तिचे पहिले लाभधारक अस्पृश्य नव्हते. राखीव जागांविषयी आज ज्यांचे कपाळ आठ्यांनी भरते, त्यांनी हे एकदा वाचावे.

मताधिकार मालमत्तेवर होता. ग्रामीण भागात सर्वसाधारणपणे बत्तीस रुपये शेतसाऱ्याची जमीन असेल तो मतदार. रत्नागिरी, पंचमहाल आणि सिंधचा वरचा सरहद्द भाग येथे ही अट सोळा रुपयांची होती. बत्तीस रुपये सारा भरणारा महार, मांग वा चांभार गावोगाव शोधून किती सापडले असते, हे वाचकांनीच ठरवावे. पेन्शनीत निघालेल्या लष्करी लोकांस मात्र मालमत्तेची अट नव्हती आणि या एका कलमामुळे कोकणातील व साताऱ्याकडील आपल्या काही जुन्या सुभेदार-हवालदारांची नावे यादीत येऊ शकत होती.

अशा कौन्सिलातूनही काही निष्पन्न झाले, हे नाकारता येत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव याच सभागृहाने संमत केला. सरकारी पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही सार्वजनिक स्थळे अस्पृश्यांस खुली असावीत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला आणि तो कागदावरच राहिला. म्हणून बोल्यांनी ५ ऑगस्ट १९२६ रोजी दुसरा ठराव आणला: जी स्थानिक मंडळे पहिला ठराव पाळणार नाहीत, त्यांचे अनुदान रोखावे. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडला जे घडले ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु महाडचा लढा सभागृहातील एका ठरावाच्या अंमलबजावणीचा लढा होता, हे विसरून चालणार नाही. कायदेमंडळ बोलते आणि गाव ऐकत नाही, या दोहोंमधील अंतर पायी चालून तोडण्याचे काम त्या दिवशी झाले.

त्याच सुमारास, १९२७ च्या प्रारंभी, बाबासाहेब स्वतः सरकारनियुक्त सभासद म्हणून कौन्सिलात आले, त्यांच्यासोबत डॉ. पुरुषोत्तम सोळंकी होते. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर भाषण केले. १९२८ साली त्यांनी महार वतनाच्या संबंधात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचविणारे बिल आणले आणि त्याच वर्षी गिरणीतील स्त्री-कामगारांच्या प्रसूतिकालीन लाभाच्या बिलाला पाठिंबा दिला. नेमणुकीने आलेला माणूस सरकारचा मिंधा असतो, हा समज त्यांनी कृतीने खोडून काढला. तरीही वतन बिल १९२९ साली मागे घ्यावे लागले. ज्याच्या पाठीशी मतदार नाही, त्याचे भाषण सभागृह आदराने ऐकते आणि मत मात्र दुसरीकडे देते. हा अनुभव बाबासाहेबांनी जवळजवळ दहा वर्षे घेतला. सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी एवढ्या निकराने का मांडली, याचे एक कारण या अनुभवात आहे असे आम्हांस वाटते.

पुणे करार आणि मतपेटी

१९३२ च्या ऑगस्टमधील जातीय निवाड्याने अस्पृश्यांस दुहेरी मत दिले होते: एक स्वतंत्र मतदारसंघात स्वतःच्या प्रतिनिधीसाठी, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने ते गेले आणि त्याच्या बदल्यात जागा वाढल्या. सर्व प्रांत मिळून १४८ जागा ठरल्या. त्यांपैकी सिंधसह मुंबई प्रांताच्या वाट्याला १५ आल्या. निवडणूक संयुक्त मतदारसंघातून व्हावयाची. मात्र त्याआधी प्राथमिक निवडणूक घेऊन केवळ अस्पृश्य मतदारांनी प्रत्येक राखीव जागेसाठी चार उमेदवारांची यादी निवडावयाची आणि त्या चौघांतूनच सर्व मतदारांनी एकास निवडावयाचे, अशी ही दोन पायऱ्यांची रचना होती. चौथ्या क्रमांकाने आलेला उमेदवारही सवर्ण मतांच्या बळावर पहिला होऊ शकतो, ही या रचनेतील मेख आहे. ती ज्यांच्या ध्यानात आली त्यांना पुढच्या वीस वर्षांचा इतिहास समजावयास अडचण पडत नाही.

१९३५ च्या कायद्याने ही रचना प्रत्यक्षात आणली. १९३६ च्या एप्रिलमध्ये सिंध वेगळा प्रांत झाला आणि उरलेल्या मुंबई प्रांताला दोन सभागृहे मिळाली. खालच्या सभागृहात, म्हणजे असेंब्लीत, १७५ जागा होत्या. त्यांपैकी सर्वसाधारण ११४ आणि त्यांतच अनुसूचित जातींच्या १५ व मराठ्यांच्या ७ राखीव, मुसलमानांच्या २९, स्त्रियांच्या ६, कामगारांच्या ७ आणि व्यापार-उद्योगाच्याही ७, युरोपियनांच्या ३, हिंदी ख्रिश्चनांच्या ३, अँग्लो-इंडियनांच्या २, जमीनदारांच्या २, विद्यापीठाची १, मागासलेल्या मुलखाची व आदिवासींची १. एका प्रांताचा समाज कापून, मोजून, वेगवेगळ्या खणांत ठेवल्यासारखे हे दिसते. लक्षावधी कामगारांना सात जागा आणि मूठभर व्यापारी मंडळांनाही सात, यात कोणाचा न्याय होता हे सांगण्याची गरज नाही. वरचे सभागृह, लेजिस्लेटिव्ह कौन्सिल, २९ ते ३० सभासदांचे व कायम स्वरूपाचे. दर तीन वर्षांनी त्यातील एकतृतीयांश निवृत्त व्हावयाचे. तेथील मताधिकार इतका उंच होता आणि अनुसूचित जातींसाठी तेथे एकही जागा राखलेली नव्हती, म्हणून आपल्या दृष्टीने ते सभागृह जवळजवळ बंदच होते.

मताधिकार खाली आला होता, पण सर्वांपर्यंत पोहोचला नव्हता. ग्रामीण भागात सारा आठ रुपयांवर आणला गेला. अनुसूचित जातींच्या व्यक्तीस याहून सवलत होती: तिला लिहिता-वाचता येत असेल किंवा ती गावची कनिष्ठ वतनी चाकरी प्रत्यक्ष बजावीत असेल, तर तिचे नाव यादीत येई. या तरतुदीपाशी क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. ज्या महारकीने माणसाला रात्री-अपरात्री तराळकीला पळविले, ज्या वतनाच्या तुकड्याने पिढ्यान्पिढ्या त्याला गावाशी जखडले, ज्याच्याविरुद्ध बाबासाहेबांनी याच सभागृहात बिल आणले, तीच महारकी आता त्याच्या हातात मतपत्रिका देत होती. कायद्याने गुलामीलाच पात्रता ठरविले, आणि त्या गुलामाने ते मत गुलामी मोडू पाहणाऱ्या पक्षाला दिले.

आता मतदानाची पद्धत. राखीव जागा बहुसदस्य मतदारसंघांत होत्या. चार जागांच्या मतदारसंघात प्रत्येक मतदाराला चार मते. ती चारही मते एकाच उमेदवाराला देता येतात की प्रत्येक मत वेगळ्या उमेदवाराला द्यावे लागते, हा वरवर क्षुल्लक दिसणारा प्रश्न होता. पहिली रीत म्हणजे संचयी पद्धती, दुसरी वितरणात्मक. मतदारसंघ आखण्यासाठी नेमलेल्या सर लॉरी हॅमंड यांच्या समितीपुढे बाबासाहेबांनी संचयी पद्धतीचा पक्ष मांडला. कारण साधे आहे. अल्पसंख्य समाजाने आपली चारही मते एका माणसावर एकवटली, तर संख्या थोडी असूनही तो निवडून येऊ शकतो. प्रत्येक मत वेगळ्याला द्यावे लागले, तर बहुसंख्याकांची उरलेली मते राखीव जागेवरील आपल्या पसंतीच्या माणसाकडे वळतात आणि अल्पसंख्याकांची एकी निष्फळ होते. मुंबई प्रांतासाठी संचयी पद्धती मान्य झाली. १९३७ च्या यशाच्या हकिकतीत या एका निर्णयाचा उल्लेख क्वचितच सापडतो, ही आमची तक्रार आहे.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत सतरा उमेदवार उभे केले. त्यांपैकी निवडून आलेल्यांचा आकडा कोणी चौदा देतो, कोणी पंधरा. पक्षाचे पाठीराखे कोणास धरावयाचे यावर तो अवलंबून आहे. मुंबई शहरात बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसने उभे केलेले उमेदवार होते प्रसिद्ध क्रिकेटपटू पालवणकर बाळू. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. हा विजय दणदणीत नव्हता, आणि हे मान्य करण्यात कमीपणा नाही. उलट राखीव जागेवर किती घासून लढावे लागते, हेच त्यातून दिसते. नाशिकहून भाऊराव गायकवाड, पुण्याहून राजाराम भोळे, पूर्व खानदेशातून दौलतराव जाधव, नगरहून प्रभाकर रोहम असे तरुण सभागृहात आले. आणि रत्नागिरीतून शामराव परुळेकर व अनंतराव चित्रे हे स्पृश्य समाजातील सहकारी सर्वसाधारण जागांवर निवडून आले. अस्पृश्यांनी स्थापिलेल्या पक्षाच्या तिकिटावर स्पृश्यांनी निवडून येणे ही त्या काळची अपूर्व गोष्ट होती.

सभागृहातील कामकाज

काँग्रेसला १७५ पैकी ८६ जागा मिळाल्या. निर्भेळ बहुमताला दोन कमी. गव्हर्नरांच्या विशेष अधिकारांवरून तिने प्रथम मंत्रिपदे नाकारली, म्हणून १ एप्रिल १९३७ रोजी सर धनजीशा कूपर यांचे अल्पकालीन मंत्रिमंडळ आले. जुलैत बाळ गंगाधर खेर पंतप्रधान झाले. त्या काळी प्रांताच्या प्रमुख मंत्र्यास पंतप्रधान म्हणत. असेंब्लीचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर झाले आणि वरच्या सभागृहाचे मंगलदास पक्वासा. मुंबईत बैठका अपोलो बंदरानजीकच्या जुन्या सेलर्स होममध्ये भरत. आज तेथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. पावसाळी अधिवेशन पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये होई. कामकाजाची भाषा इंग्रजी. ज्या सभासदास ती पुरेशी अवगत नसेल त्याला आपल्या भाषेत बोलण्याची मुभा होती.

बिलाचा प्रवास आज आहे तसाच होता: परवानगी मागून मांडणे, तत्त्वावर चर्चा, निवड समिती, कलमवार विचार, अखेरचे वाचन, मग दुसरे सभागृह आणि शेवटी गव्हर्नरांची संमती. खाजगी सभासदाच्या बिलाची खरी परीक्षा मतदानात नसून वेळेत असते. सरकारने वेळच दिला नाही, तर बिल न हरता मरते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्याच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी मांडलेल्या खोती नष्ट करण्याच्या बिलाचे नेमके हेच झाले. कोकणातील कुळांचा प्रश्न सभागृहात अडला, म्हणून १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर आला. त्यात महार होते, कुणबी होते, आगरी होते. खोती प्रत्यक्षात नाहीशी झाली ती १९४९ च्या कायद्याने, आणि कनिष्ठ वतने १९५८ च्या. बिल मांडणारा माणूस आणि कायदा झाल्याचे वर्ष यांत बारा ते तीस वर्षांचे अंतर पडावे, हे विधिमंडळांच्या इतिहासात नवे नाही. पण ते अंतर कोणाच्या पाठीवर मोजले गेले हे पाहिले पाहिजे.

१९३८ च्या औद्योगिक कलह बिलाला, संपाचा हक्क हिरावून घेणारे म्हणून, बाबासाहेबांनी कडाडून विरोध केला. बहुमताने ते संमत झाले आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांनी एक दिवसाचा संप केला. त्याच आठवड्यात रोहम यांनी संततिनियमनाचा बिनसरकारी ठराव सभागृहात मांडला. तो फेटाळला गेला. चौदा-पंधरा सभासदांचा गट सरकार पाडू शकत नाही. परंतु १९३७ ते १९३९ या अवघ्या सव्वादोन वर्षांत त्या गटाने जमीन, मजुरी, कुटुंब आणि वतन हे विषय ज्या क्रमाने सभागृहात आणले, त्यावरून आपला पक्ष केवळ एका जातीचा नव्हता हे सिद्ध होते. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि १९४६ पर्यंत गव्हर्नराने एकट्याने कारभार पाहिला.

१९४६ आणि नंतर

१९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला मुंबई असेंब्लीत एकही जागा मिळाली नाही. साऱ्या देशात तिला दोन मिळाल्या: एक बंगालात, एक मध्यप्रांत-वऱ्हाडात. एका पद्धतीवर सारा दोष लोटणे योग्य होणार नाही. १९४२ च्या लढ्यानंतर काँग्रेसची लाट होती, कामगार-शेतकऱ्यांची व्यापक आघाडी मागे पडून फेडरेशनचे क्षेत्र अनुसूचित जातींपुरते आकुंचित झाले होते आणि सात वर्षे सभागृह बंद राहिल्याने संघटना विस्कळीत होती. तथापि पुणे कराराच्या रचनेतील मेख या वेळी पुरती बाहेर आली. ५ एप्रिल १९४६ रोजी कॅबिनेट मिशनची भेट झाली तेव्हा आणि त्यानंतरही बाबासाहेबांनी प्राथमिक निवडणुकांचे निकाल पुढे ठेवले. जेथे केवळ अस्पृश्यांनी मत दिले तेथे फेडरेशनचे उमेदवार पुढे होते, जेथे सर्वांनी दिले तेथे मागे पडले, हा त्यांचा युक्तिवाद होता.

घटना समिती निवडावयाची होती ती याच असेंब्ल्यांच्या सभासदांनी, एकल संक्रमणीय मताने. मुंबईच्या वाट्याला एकवीस जागा होत्या. परंतु फेडरेशनचा एकही सभासद नसलेल्या असेंब्लीत बाबासाहेबांच्या नावापुढे पहिला आकडा कोण घालणार? बंगालात जोगेंद्रनाथ मंडल होते आणि त्यांनी इतर सभासदांची मते मिळविली. अभ्यासवर्गातील त्या प्रश्नाचे उत्तर एवढे साधे आहे. फाळणीनंतर ती जागा गेली, मग डॉ. मु. रा. जयकर यांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या मुंबईच्या जागेवर जुलै १९४७ मध्ये ते त्याच असेंब्लीकडून निवडून आले, ते काँग्रेसने ठरविले म्हणून.

संविधानाने प्रौढ मताधिकार दिला आणि वतनाची, साऱ्याची, मॅट्रिकची सारी कुंपणे एका वाक्यात मोडली. मात्र १९५२ च्या निवडणुकीत राखीव जागा द्विसदस्य मतदारसंघांत होत्या आणि मतदाराला दोन मते असली तरी ती दोन्ही एकाच उमेदवाराला देण्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याने मनाई केली होती. संचयी मत गेले. उत्तर मुंबईतून लोकसभेसाठी उभे असलेले बाबासाहेब त्या पद्धतीत नारायणराव काजरोळकरांकडून पराभूत झाले. मुंबई विधानसभेत फेडरेशनचे एकटे बापूसाहेब कांबळे पोहोचले. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले आणि राखीव मतदारसंघ एकसदस्य बनले.

तोपर्यंत धम्मदीक्षा झाली होती, आणि येथे आपल्या इतिहासात एक नवीनच प्रकरण सुरू होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची गणली जात नसे. १९५६ साली त्यात शीख धर्माची भर पडली, बौद्ध धम्माची नाही. १९६२ च्या निवडणुकीत नागपूरच्या एका राखीव मतदारसंघातून डी. पी. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. ते बौद्ध झाले आहेत, म्हणून त्यांची निवड अवैध ठरवावी, असा अर्ज पंजाबराव यांनी केला. निवडणूक न्यायाधिकरणाने तो मान्य केला, उच्च न्यायालयाने मेश्रामांची निवड वैध ठरविली आणि १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा रद्द केली. एखादा धर्म 'मानणे' म्हणजे त्याची उघडपणे घोषणा करणे, आणि अशी घोषणा केली असेल तर दीक्षाविधीचा वेगळा पुरावा मागण्याचे कारण नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला.

कायद्याच्या भाषेत तो निकाल सुसंगत असेल. आपल्या समाजाला त्याचा अर्थ असा झाला की, विहारात उघडपणे वंदना म्हणणाऱ्या माणसाला राखीव जागा बंद आणि बुद्धमूर्ती घरात झाकून ठेवणाऱ्याला खुली. पुष्कळांनी कागदावर जुनी जात लिहिली. त्यांना आज नावे ठेवणे सोपे आहे. आम्ही ठेवीत नाही. पुष्कळांनी ती लिहिण्यास नकार दिला आणि राजकारणातून बाजूस झाले. त्यांची नावे कोणत्याही विधिमंडळाच्या अहवालात सापडणार नाहीत.

ही स्थिती १९९० पर्यंत टिकली. त्या वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली ती जुन्याच आदेशाखाली. त्यानंतर काही महिन्यांनी, जूनमध्ये, संसदेच्या कायद्याने त्या आदेशात बौद्ध धम्माचा समावेश झाला. म्हणून बौद्ध म्हणून उघडपणे नाव सांगून राखीव मतदारसंघातून महाराष्ट्र विधानसभेची सार्वत्रिक निवडणूक लढविता आली ती प्रथम १९९५ साली, दीक्षाभूमीवरील सोहळ्यानंतर एकोणचाळिसाव्या वर्षी.